दुसऱ्या गाडीसाठी घडीचे गॅरेज

अंगणात दुसऱ्या गाडीसाठी उभारायचे घडीचे गॅरेज म्हणजे लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले ताडपत्रीसारखे कापड. चार मीटरपर्यंतच्या मोटारीला साधारण तीन बाय साडेपाच मीटर जागा लागते. दारे पुरती उघडली पाहिजेत, हे मोजताना हमखास विसरले जाते.

या गॅरेजचा खरा शत्रू वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरला सुमारे २४ किलो भार येतो, म्हणजे १८ चौरस मीटरच्या छतावर चारशे किलोंहून अधिक. छताच्या आकारानुसार हा आकडा कमीजास्त होतो, पण वळवाच्या वादळात हलका सांगाडा उचलला जातो तो यामुळेच. म्हणून कापडापेक्षा पायाकडे आधी पाहावे. काळ्या मातीत नुसत्या खुंट्या ठोकून भागत नाही: ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खुंट्या सैल होतात. तिथे काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत बोल्ट बसवणेच बरे.

छत उतरते हवे. कापड सैल पडून एक चौरस मीटरभर पाच सेंटिमीटर पाणी साचले, तरी पन्नास किलोंचे ओझे होते.

पाइप गॅल्व्हनाइज्ड घ्यावेत, कापड अतिनील किरणांना टिकणारे. कोकणच्या दमट हवेत चारही बाजू बंद ठेवल्या तर आत ओल कोंडते आणि गाडीचा पत्रा गंजतो. दोन्ही टोकांना वर झरोके असलेच पाहिजेत.