विषय द्यायचा म्हणजे नेमकं काय द्यायचं?

मागच्या व्याख्यानात आपण मुलांच्या वाचनाबद्दल बोललो. आज लिहिण्याबद्दल बोलू. आम्ही शाळांमधून मुलांसाठी लेखनाचे वर्ग घेतो, त्यातलंच थोडं सांगतो.

एका शाळेत सातवीच्या वह्या आम्ही चाळत होतो. विषय नेहमीचाच, 'माझी आई'. जवळजवळ प्रत्येक वहीत आई पहाटे उठत होती, डबा करत होती आणि मायेचा सागर होती. एका मुलीची आई मात्र ऊसतोडीला गेलेली. दिवाळीनंतर गेली की उन्हाळ्याच्या तोंडाला परत येणार. मुलगी आजीजवळ राहते. तिच्याही वहीत आई पहाटे उठून डबा करत होती! शुद्धलेखनाची एक चूक नाही, दहापैकी नऊ गुण.

आता ही मुलगी खोटारडी आहे का? मुळीच नाही. लिहायचं म्हणजे गाइडमधली आई लिहायची, आपली नाही, हे ती शिकली होती. आणि ते आपणच तिला शिकवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गाला विषय न देता एक प्रश्न दिला. 'आज सकाळी घरात सगळ्यात आधी कुठला आवाज ऐकला? पाच ओळी लिहा.' तिनं लिहिलं, की आईचा फोन पहाटे येतो, तिकडं मागं ट्रॅक्टर चालू असतो, म्हणून आजी ओरडून बोलते आणि त्या ओरडण्यानं मला जाग येते. पाच ओळींत सात चुका होत्या. पण आई होती, आजी होती, सकाळ होती. लेखन होतं.

मग पहिला मुद्दा असा, की विषय जितका मोठा, तितकं मूल गाइडकडे पळतं. 'पावसाळा' म्हटलं की हिरवा शालू आलाच. त्याऐवजी 'तुमच्या घरात पाणी कुठून गळतं? तिथं काय ठेवता?' असं विचारा. 'माझा मित्र' ऐवजी 'मित्राशी शेवटचं भांडण कशावरून झालं?' विचारा. प्रश्न अरुंद केला की उत्तर फक्त त्या मुलाकडेच असतं. पाठ करायला कुठं मिळतच नाही. एक पथ्य मात्र पाळायचं. घरातलं लिहायला सांगताना 'नको वाटलं तर दुसरं काहीही लिही' ही मोकळीक द्यायची. वाचून दाखवायचं की नाही, हेही मुलानंच ठरवायचं.

कुणी म्हणेल, मग कल्पनाशक्तीचं काय? सगळं घरचंच लिहायचं का? इथं आपल्याला जान्नी रोदारी मदत करतो. हा इटलीतला मुलांचा लेखक. तरुणपणी प्राथमिक शाळेत शिक्षक होता, १९७० साली त्याला बालसाहित्याचं हान्स अँडरसन पारितोषिक मिळालं आणि १९७३ मध्ये गोष्टी रचायच्या कशा यावर त्याचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं असं, की एकट्या शब्दातून गोष्ट निघत नाही, दोन शब्द लागतात आणि तेही एकमेकांपासून लांबचे. 'घोडा' आणि 'कुत्रा' चालणार नाहीत, ते शेजारीच आहेत. 'कुत्रा' आणि 'कपाट' घ्या. तो एका मुलाला फळ्याच्या पुढच्या बाजूला शब्द लिहायला सांगायचा, दुसऱ्याला मागच्या बाजूला. दोघांनाही एकमेकांचा शब्द माहीत नसायचा.

मग हे दोन शब्द जोडायचे. आणि इथं मराठीत मोठी मौज आहे. आपल्याकडे विभक्ती आहे, शब्दयोगी अव्ययं आहेत. करून बघा. कपाटातला कुत्रा. कपाटावरचा कुत्रा. कुत्र्याचं कपाट. कपाटासाठी कुत्रा. प्रत्येक जोडणीत वेगळी गोष्ट दडलेली आहे. कुत्र्याच्या कपाटात तो काय ठेवत असेल? कपाटासाठी कुत्रा पाळला, म्हणजे आत असं आहे तरी काय? शिवाय 'कुत्रा'चं 'कुत्र्या' आणि 'कपाट'चं 'कपाटा' का झालं, हे सामान्यरूपही मुलं हसत हसत शिकतात. तक्ता पाठ करावा लागत नाही.

दुसरा मुद्दा लाल पेनाचा. आमचा नियम साधा आहे. वही दोनदा वाचायची. पहिल्या वाचनात लाल पेन खिशात. समासात फक्त एक प्रश्न लिहायचा, 'आजी ओरडून काय सांगते?' मूल त्याचं उत्तर लिहितं आणि मजकूर आपोआप वाढतो. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या वाचनात, तेही एका वेळी दोन-तीनच. आणि बोलण्यात 'मले' किंवा 'म्या' आलं तर ते तसंच राहू द्यावं. आजी जशी बोलते तशीच ती कागदावर बोलली पाहिजे.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे. 'हे सगळं ठीक, पण परीक्षेत गुण कसे मिळणार?' रास्त प्रश्न आहे. परीक्षा आम्ही बदलू शकत नाही. पाठ केलेल्या निबंधाला गुण मिळतात, हेही खरं. पण पाठ केलेला विषय आला नाही, की ते मूल पेन चावत बसतं. ज्याला स्वतःचं लिहायची सवय आहे, ते कुठल्याही विषयात आपलं काहीतरी शोधतं. आठवड्यातून दोनदा दहा-दहा मिनिटं काढा, एवढंच मागणं आहे.

त्या मुलीच्या वहीत आम्ही तोच आजीचा प्रश्न लिहिला होता. वही परत आली तेव्हा खाली एक पान भरलेलं होतं. त्या पानाला आम्ही गुण दिले नाहीत. आणखी एक प्रश्न लिहिला.

पुढच्या वेळी येताना तुम्हीही पाच ओळी आणा. आज सकाळी सगळ्यात आधी कुठला आवाज ऐकला? तिथूनच सुरुवात करू.