अर्ध्या गुणाचा हिशेब

'अल्झायमरची वाटचाल २७ टक्क्यांनी मंदावली' ही बातमी २०२२च्या अखेरीस जगभर झळकली. औषधाचे नाव लेकॅनेमॅब. ते आणणाऱ्या कंपन्या दोन, जपानची एसाई आणि अमेरिकेची बायोजेन. त्याच चाचणीचा तोच निष्कर्ष दुसऱ्या आकड्यातही सांगता येतो : ०.४५. अठरा गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात दीड वर्षाने दिसलेले हे अंतर. पहिला आकडा ऐकून परदेशातला मुलगा पुण्यातल्या आईला घाईघाईने फोन करतो. दुसरा ऐकला की तोच विचारात पडतो. दोन्ही आकडे खरे आहेत.

ही मोजपट्टी समजून घेतली पाहिजे, कारण सगळा निर्णय तिच्यावर उभा आहे. तिचे रकाने सहा : स्मृती, स्थळकाळाचे भान, निर्णयशक्ती, चारचौघांतील वावर, घरकाम व छंद, आणि स्वतःची निगा. रुग्णाशी आणि त्याला जवळून ओळखणाऱ्या माणसाशी बोलून प्रत्येक रकान्यात शून्य ते तीन गुण देतात. गुण वाढले म्हणजे अवस्था बिघडली. चाचणीतील १,७९५ जणांचे गुण सुरुवातीला सरासरी तीनच्या थोडे वर होते. दीड वर्षात औषध घेणाऱ्यांचे १.२१ने वाढले, तर नुसता औषधविरहित द्रव टोचून घेणाऱ्यांचे १.६६ने. वजाबाकी केली की ०.४५ आणि टक्केवारी काढली की २७. एका रकान्यातली सर्वांत लहान पायरीच मुळी अर्ध्या गुणाची असते, हे लक्षात घेतले म्हणजे अंतराचा अंदाज येतो. काळाच्या भाषेत बोलायचे तर, औषध घेणारा अठराव्या महिन्यात जिथे पोहोचतो तिथे न घेणारा ढोबळमानाने पाच महिने आधी पोहोचतो.

इथे एक गोष्ट घरच्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. दोन्ही गट खालीच गेले. हरवलेले परत आणणारे हे औषध नाही. त्यामुळे ते घेऊनही आईचे विस्मरण वाढले तर ते फसले असे म्हणता येत नाही, आणि ती वर्षभर 'तशीच' राहिली तर ते लागू पडले असेही सिद्ध होत नाही. औषध न घेतलेली तीच आई शेजारी उभी करून पाहता येत नाही. फरक दिसतो तो शेकडो माणसांच्या सरासरीत.

अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ट्युबिंगेनच्या सभेत एका मृत रुग्णेच्या मेंदूतील साठ्यांचे वर्णन केले. हे साठे अॅमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे. तेच रोगाचे मूळ, असा सिद्धान्त १९९२मध्ये मांडला गेला आणि त्यानंतर साठे हटवू पाहणारी औषधे एकामागून एक अपयशी ठरली. २०२१मध्ये अॅड्युकॅनुमॅबला अमेरिकेने सल्लागारांचे मत डावलून मान्यता दिली. तिघा सल्लागारांनी राजीनामे दिले आणि २०२४मध्ये कंपनीनेच ते औषध बंद केले. ही पार्श्वभूमी असल्यामुळे लेकॅनेमॅबचा फायदा लहान असूनही संशोधकांना तो मोठा वाटला. संशोधकांचा हा आनंद रास्त आहे, पण रुग्णाचा हिशेब वेगळा असतो.

त्या हिशेबात दर पंधरवड्याला शिरेतून दिले जाणारे औषध येते. दीड वर्षात सुमारे ३९ फेऱ्या, शिवाय सुरुवातीच्या महिन्यांत पुन्हा पुन्हा एमआरआय. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत वर्षाला २६,५०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २२ लाख रुपये. आणि धोका. अॅमिलॉइड मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही साठलेले असते. ते खरवडले जाताना भिंती झिरपतात. चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली (दुसऱ्या गटात १.७ टक्के). बहुतेकांना ती जाणवलीही नाही. लक्षणे दिसली २.८ टक्क्यांत. तरीही मूळ चाचणीनंतर औषध चालू असलेल्या एका रुग्णाला पक्षाघात झाला, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले आणि मेंदूत जागोजागी रक्तस्राव होऊन मृत्यू आला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा विषय डॉक्टरांशी आधी बोलायचा तो म्हणूनच.

सुजेचा धोका सर्वांना सारखा नसतो. एपीओई-४ या जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांत तो ३२.६ टक्के निघाला, एकही प्रत नसणाऱ्यांत ५.४. युरोपच्या औषध नियामकाने आधी नकार देऊन पुढे होकार दिला, तोही दोन प्रतीवाल्यांना वगळून. म्हणजे आधी जनुकचाचणी हवी. पण आईकडे दोन प्रती निघाल्या, तर तिच्या प्रत्येक मुलाकडे किमान एक प्रत आहे हे त्याच कागदावर लिहिल्यासारखे होते. आईच्या उपचारासाठी दवाखान्यात आलेली मुलगी स्वतःच्या म्हातारपणाची बातमी घेऊन घरी जाते. ती तिला हवी होती का, हे चाचणीआधी विचारायला हवे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मधले, हत्तीच्या मागे चालत गेलेले शास्त्रीबुवा अनेकांना आठवत असतील. हे औषध त्यांच्यासाठी नाही. चाचणीत प्रवेश मिळाला तो स्मृतिपरीक्षेत तीसपैकी किमान २२ गुण मिळवणाऱ्यांना, म्हणजे ज्यांना आपले काय होते आहे हे अजून कळते अशांना. आपल्याकडे नेमके याच टप्प्यावर 'वय झालंय, होतं असं' म्हणून दिवस ढकलले जातात. निदान झालेच, तर 'आईसमोर ते नाव काढू नका' अशी विनंती मुले डॉक्टरांना दाराबाहेर गाठून करतात. त्यात माया असते. परंतु नाव न सांगता पाच महिन्यांच्या बदल्यात मेंदूत रक्तस्रावाचा धोका पत्करशील का, हे तिला कसे विचारणार?

ब्रिटनच्या आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने २०२५मध्ये खर्चाच्या मानाने फायदा थोडा म्हणून नकार दिला. जपान, अमेरिका यांनी होकार दिलेला आहे. आईच्या लेखी त्या पाच महिन्यांत काय असते, हे यांपैकी कोणालाच ठाऊक नाही. नातीचे लग्न असेल, अर्धवट राहिलेले लिखाण असेल. किंवा दर पंधरवड्याला सुई टोचून घेण्यापेक्षा कोकणातल्या घरी जाऊन राहावे, असेही तिच्या मनात असेल. आज विचारले तर ती सांगू शकते.