६.७ सेकंद आणि शेजारच्या सीटवर पप्पा

खरं सांगा, बाजूने एखादी चपटी, मागे उतरत गेलेल्या छपराची गाडी सुसाट गेली की तुमचीही मान वळते ना? माझी तर हमखास वळते. म्हणूनच इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड हातात पडला तेव्हा मी नवा मोबाइल घेतला नाही. एका दिवसासाठी सेल्फ ड्राइव्हवर महिंद्राची ‘बीई ६’ घेतली. आई म्हणाली, “डोकं फिरलंय हिचं.” पप्पा एवढंच म्हणाले, “सकाळी मीपण येतो.”

हीच गाडी का? कारण ती आपली शेजारीण आहे. देहूतून इंद्रायणी ओलांडली, येलवाडी मागे टाकली की पुढे चाकणचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. ही गाडी तिथल्याच महिंद्राच्या कारखान्यात बनते. २६ नोव्हेंबर २०२४ ला ती लोकांसमोर आली तेव्हा नाव होतं ‘बीई ६ई’. ‘६ई’वर इंडिगो विमान कंपनीने आक्षेप घेतला आणि शेवटचा ‘ई’ गळाला.

आता तुमच्यातला एखादा गाडीवेडा म्हणेल, “चार दरवाजे असलेली कसली कूपे?” मुद्दा बरोबर आहे. कूपे हा फ्रेंच शब्द, अर्थ ‘कापलेली’. मोठी घोडागाडी कापून दोघांपुरती केली, ती कूपे. रेल्वेच्या फर्स्ट क्लासमधला दोन बर्थचा कूपे याच शब्दाचा भाऊ. खरी कूपे दोन दारांची. पण हल्ली एसयूव्हीलाही तसं उतरतं छप्पर देतात, बीई ६ त्यातलीच. मागच्या दारांचे हँडल खिडकीच्या कडेला लपवलेत, त्यामुळे लांबून दोनच दारं दिसतात.

गाडी द्यायला आलेल्या मुलाने सरळ पप्पांना सूचना द्यायला सुरुवात केली. “काका, स्क्रॅच पडला तर...” पप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “ती चालवणार आहे. तिला सांग.” त्या वाक्यानेच माझे अर्धे पैसे वसूल झाले.

आत बसलात की विमानाच्या कॉकपिटसारखं वाटतं. ड्रायव्हरभोवती एक कमान आहे, ती शेजारच्या सीटला जणू वेगळं पाडते. सुरू केल्यावर इंजिनाची घरघर नाहीच. गाडीतल्या आवाजांवर ए. आर. रहमान यांनी काम केलंय. पण देहूगावातून निघताना आम्हाला ऐकू आला तो मंदिराकडे निघालेल्या दिंडीचा टाळ. स्पोर्टी गाडी दिंडीमागे दहाच्या स्पीडने चालली होती आणि एक आजी काचेत डोकावून हसत होत्या.

किवळ्यावरून एक्स्प्रेस वेला लागलो. उर्सेच्या टोलनाक्यावर दांडा वर गेला, पुढची लेन रिकामी होती. मोठ्या, ७९ किलोवॅट-अवरच्या बॅटरीवाली ही गाडी शून्यावरून १०० वर ६.७ सेकंदांत जाते, असं कंपनी सांगते. मी पाय दाबला. पाठ सीटला चिकटली, पोटात पाळण्यासारखा गोळा आला. तुम्ही “एक हजार एक, एक हजार दोन” मोजत सातपर्यंत पोचेपर्यंत खेळ संपलेला असतो. कारण १०० ही इथली मर्यादा आणि वर कॅमेरे. आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा मे २०२४ मधलं कल्याणीनगर आठवलं. वेगातल्या पोर्शेने उडवलेले ते दोघे इंजिनिअर आपल्यापेक्षा फार मोठे नव्हते.

पप्पांनी वरचं हँडल घट्ट धरलं होतं. म्हणाले, “पळते ते कळलं. आता थांबते कशी, ते दाखव.”

हे ते का म्हणाले, ते सांगते. पप्पा एकोणीस वर्षं चाकणच्या एका छोट्या कारखान्यात ब्रेक पॅड बनवतात. आमच्या घरी चारचाकी नाही.

मी नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला. ब्रेकला हातही, म्हणजे पायही, न लावता गाडी मंदावत गेली. अशा वेळी मोटर उलटं काम करते. चाकंच तिला फिरवतात, वीज तयार होते, ती बॅटरीत जाते. पप्पा बराच वेळ गप्प होते.

परतताना तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीजवळ ट्रेलरच्या रांगेत अडकलो. बाजूला भंडारा डोंगर, पुढे हलायचं नाव नाही. तेव्हा त्यांनी विचारलं, “मग हिचे पॅड झिजतात किती?” मी म्हटलं, “कमी.” अचानक थांबायला ब्रेक लागतातच. पण रोजचं बरंचसं काम मोटर करते. या गाडीत क्लच नाही, पिस्टन नाही, सायलेन्सर नाही. भोसरी, तळवडे, चाकणच्या कितीतरी शेडमध्ये हेच पार्ट बनतात, आणि तुमच्या-माझ्या कितीतरी जणांच्या फी तिथूनच भरल्या जातात. दुसरीकडे बॅटरी, मोटर, सॉफ्टवेअरची नवी कामं येताहेत. मेकॅनिकलला किंवा आयटीआयला असाल तर हा प्रश्न तुमचाही आहे.

तुम्हीही अशी गाडी घेणार असाल तर आधी पाटी बघा. इलेक्ट्रिक गाडी भाड्याची असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं हवीत, पेट्रोल-डिझेल असेल तर काळ्या पाटीवर पिवळी. कोणाची खासगी गाडी ‘ॲडजस्ट’ करून घेतलीत आणि ठोकली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. आणि घेण्याआधी गाडीचा चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

संध्याकाळी गाडी परत दिली. आईने विचारलं, “कशी होती?” पप्पा म्हणाले, “छान. थांबते पण चांगली.” जेवणं झाल्यावर त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “इलेक्ट्रिक गाडीचं काम शिकवतात, त्याचे व्हिडिओ लावून दे जरा. मराठीत असतील तर बघ.”

सोमवारी त्यांची पहिली शिफ्ट होती. तरी अकरापर्यंत बघत बसले होते.