ताट तेच, काम कमी

पिंपळनेर हे पांझरा नदीकाठचे आपले गाव. पूर्वी आपण शेतावर पायी जात होतो. मोट हाकत होतो. बाया जात्यावर दळत होत्या. खाल्लेले अन्न कामात जिरत होते.

आता दारात मोटारसायकल आली. विहिरीवर पंप बसला. दळण गिरणीत जाते. काम घटले, पण ताट तेवढेच राहिले. जादा अन्नाची चरबी होते. ती पोटावर साचते. मग गुडघे दुखतात. रक्तदाब वाढतो. साखरेचा आजार जडतो.

कमरेला टेप लावून बघा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी. बाईची ८० च्या आत हवी.

मग उपाशी राहायचं का? नाही! आधी चहाचा हिशोब करू. एका कपात दोन चमचे साखर. दिवसाचे पाच कप. झाले दहा चमचे, म्हणजे ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो! दोनाचा एक चमचा करा. साखर निम्मी होईल.

तेलात तर साखरेच्या दुपटीहून जास्त चरबी वाढवण्याचा गुण आहे. म्हणून शेवभाजी आणि तिची तर्री रोज नको. एक भाकर कमी घ्या. मेथी, पोकळा, मटकीची उसळ वाढवा. उपासाला साबुदाण्याची रास नको. पाहुण्याला वाढताना फार आग्रह नको.

साखरेच्या आजाराची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

वजन हळूहळू चढले. ते हळूहळूच उतरेल. महिन्याला एक-दोन किलो उतरले तरी पुष्कळ. चला, आजच्या चहापासूनच सुरुवात करू.