भाताचा पेंढा, दादरीची वीज आणि शेतातील पालाश

जगाची ऊर्जेची मागणी वाढत आहे आणि त्या वाढीत भारताचा वाटा मोठा आहे. 30 मे 2024 रोजी देशातील विजेची कमाल मागणी 250 गिगावॅटवर पोहोचली. देशात निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज अद्याप कोळशापासून मिळते. हा वाटा कमी करण्याचा एक मार्ग शेतातून जातो. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीतील जी-20 परिषदेच्या वेळी जागतिक जैवइंधन आघाडीची घोषणा झाली. परंतु या मार्गाची खरी कसोटी राजधानी परिसरातील दादरी व पानिपत येथे लागत आहे.

दादरी येथील एनटीपीसीच्या औष्णिक वीज प्रकल्पात पिकांच्या अवशेषांच्या पेलेट कोळशात मिसळून जाळण्याचा प्रयोग 2017 च्या सुमारास सुरू झाला. दिल्लीपासून 300 किलोमीटरच्या आतील औष्णिक प्रकल्पांनी 5 ते 10 टक्के पेलेट वापराव्यात, असा निर्देश वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने 2021 मध्ये दिला. हे प्रमाण मर्यादित राहण्यास कारण आहे. पेंढ्यात सिलिका, पालाश व क्लोरीन अधिक असल्याने बॉयलरच्या नळ्यांवर राखेचे थर साचतात आणि नळ्या गंजतात. पानिपत येथे 10 ऑगस्ट 2022 रोजी इंडियन ऑइलचा दुसऱ्या पिढीतील इथेनॉल प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला 2 लाख टन पेंढ्यापासून सुमारे 3 कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची रचना आहे.

तंत्रज्ञान हाती आहे. अडचण दिवसांची आहे. भूजल वाचविण्यासाठी पंजाब व हरियाणाने 2009 मध्ये कायदे करून भाताची लावणी जूनच्या मध्याकडे ढकलली. त्यामुळे काढणी उशिरा होते आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी जेमतेम 15 ते 20 दिवस उरतात. पेंढा पेटविण्यामागे शेतकऱ्याचा आळस नसून ही घाई आहे. एकरी 2 टन पेंढा धरला, तर पानिपतच्या प्रकल्पाला सुमारे 1 लाख एकरांवरील पेंढा लागेल. प्रकल्पाची गरज दिवसाला साडेपाचशे टनांची; परंतु तो सर्व पेंढा 20 दिवसांत गोळा करायचा, तर दररोज 10 हजार टन उचलावा लागेल. म्हणजे पुरेसे बेलर, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि वर्षभराच्या साठवणुकीसाठी कोरडी, आगीपासून सुरक्षित जागा हवी. ओल राहिलेली बेल कुजते आणि तापतेही.

दुसरा हिशेब मातीचा आहे आणि तो सहसा मांडला जात नाही. एक टन भातपेंढ्यात साधारण साडेपाच किलो नत्र व 25 किलो पालाश असते. पेंढा जाळल्यास नत्र व सेंद्रिय कर्ब जवळजवळ संपूर्ण नष्ट होतो, पालाश मात्र बहुतांशी राखेतून शेतातच राहते. पेंढा विकल्यास तेही जाते. एकरी 2 टन पेंढा उचलला, तर 50 किलो पालाश शेताबाहेर गेले. ते भरून काढण्यास म्युरेट ऑफ पोटॅशची दीड पोत्याहून अधिक मात्रा लागते. पेंढ्याचा भाव ठरविताना ही रक्कम प्रथम वजा करावी. जेथे हॅपी सीडरने पेंढ्यातच गव्हाची पेरणी शक्य आहे, तेथे पेंढा शेतात ठेवणे अनेकदा अधिक किफायतशीर ठरते.

महाराष्ट्रात हे गणित वेगळे आहे. कोकणातील व पूर्व विदर्भातील भाताचा पेंढा बहुतांशी गुरांच्या दावणीला जातो. त्याकडे इंधन म्हणून पाहणे घाईचे होईल. उसाचे पाचट खोडव्यात आच्छादन म्हणूनच अधिक मोलाचे आहे. पऱ्हाटीची गोष्ट निराळी. ती लाकडासारखी असून गुरे खात नाहीत, आणि शेवटच्या वेचणीनंतर तिच्या काढणीसाठी भातासारखी घाईही नसते. शेतात उभी राहिलेल्या पऱ्हाटीच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते, म्हणून ती वेळेवर काढणे तसेही आवश्यकच असते. पऱ्हाटीपासून ब्रिकेट व पेलेट तयार करण्याचे तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केले आहे. शेतकरी गटाने असा उद्योग उभारण्यापूर्वी वाहतुकीचे अंतर, बारीक तुकडे करणाऱ्या यंत्राचे भाडे आणि पेलेट घेणाऱ्या ग्राहकाशी लेखी करार, या क्रमाने चौकशी करावी. यंत्राची खरेदी त्यानंतर.