स्वमग्न मुलांचे पालक, एकमेकांच्या मदतीने

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या पालकांचे परस्परसाहाय्य म्हणजे एका पालकाने दुसऱ्याला आपली माहिती, अनुभव आणि वेळ देणे. मूल दोन ते सहा वर्षांचे असताना या मदतीची गरज सर्वांत जास्त भासते. हाकेला ओ न देणे, नजरेला नजर न देणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवणे ही लक्षणे दीड-दोन वर्षांच्या सुमारास दिसू लागतात. निदान मात्र बऱ्याचदा त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी होते. मधला काळ ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बाबाही चौथ्या वर्षी बोलायला लागला’, ‘एकदा दृष्ट काढून बघा’ अशा सल्ल्यांत निघून जातो. पुढे कधीतरी अहवाल हाती येतो, त्यात तीन-चार थेरपींची नावे असतात. ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपीचे आठवड्यातले काही तास सोडले, तर मूल घरच्यांबरोबरच असते. त्या उरलेल्या वेळात काय करायचे, हे अहवालात नसते. ते आधी त्यातून गेलेल्या पालकांना ठाऊक असते.

या मदतीला संघटित रूप आले ते पालकांच्या माथी मारलेल्या दोषातून. अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने १९४३ मध्ये अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि स्वमग्नतेचा आधुनिक अभ्यास सुरू झाला. ही अवस्था जन्मजात असावी, असे त्याच निबंधात त्याने म्हटले होते. पण या मुलांचे पालक भावनेने कोरडे असल्याची नोंदही केली होती. पुढची वीस वर्षे ही दुसरी गोष्टच जास्त गाजली. आईने माया लावली नाही म्हणून मूल आपल्या कोषात गेले, असा समज रूढ झाला आणि अशा आईला ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हटले जाऊ लागले. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या पुस्तकातून त्याला आणखी बळ दिले. मुलाला आईवडिलांपासून दूर ठेवणे हा त्यांच्या मते उपचाराचाच भाग होता. मुलाच्या त्रासाचे कारण म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते, ती आई तशाच दुसऱ्या आईला शोधायला सहसा बाहेर पडत नाही.

ही कोंडी फोडणारा माणूस स्वतः बाप होता. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी उपलब्ध संशोधन पालथे घातले आणि १९६४ मध्ये ‘इन्फंटाइल ऑटिझम’ हे पुस्तक लिहून स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या घडणीत आहे, आईच्या वागण्यात नाही, अशी मांडणी केली. त्यांना पालकांची पत्रे येऊ लागली आणि १९६५ मध्ये त्या पालकांना एकत्र आणून राष्ट्रीय संघटना उभी राहिली. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, खुद्द कॅनर या संघटनेच्या सभेत आले आणि त्यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

ब्रिटनमध्ये पालकांची संघटना १९६२ मध्येच स्थापन झाली होती. तिच्या संस्थापकांत लॉर्ना विंग होत्या. त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि एका स्वमग्न मुलीच्या आईही. संघटनेने १९६५ मध्ये सिबिल एल्गर यांच्या नेतृत्वाखाली लंडनमध्ये स्वमग्न मुलांची शाळा काढली. विंग आणि जुडिथ गुल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यातून ‘स्पेक्ट्रम’ची, म्हणजे एकाच अवस्थेच्या अनेक छटांची, कल्पना पुढे आली. स्वमग्नतेची आज वापरात असलेली व्याख्या घडवणाऱ्यांत एक आई होती, ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत क्वचितच ठळकपणे येते.

भारतात हेच काम तीस वर्षे उशिरा सुरू झाले. दिल्लीत मेरी बरुआ या आईच्या पुढाकाराने १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था उभी राहिली. संस्थेचा सर्वांत दूरगामी उपक्रम आई आणि मुलाने जोडीने घ्यायच्या प्रशिक्षणाचा. परगावचे पालक काही आठवडे दिल्लीत खोली घेऊन राहत, दिवसभर केंद्रात मुलाला शिकवायला शिकत आणि संध्याकाळी एकमेकांच्या खोल्यांवर जमत. परत गेल्यावर त्यांतल्या काहींनी आपापल्या गावी वर्ग सुरू केले. मुंबईतही ‘फोरम फॉर ऑटिझम’ ही संघटना पालकांनीच बांधली.

पालकाकडून पालकाला मिळणारी माहिती वेगळ्या जातीची असते. केस कापण्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. मशीनची घरघर, मानेवर पडणारे केस, गळ्याभोवती आवळलेले कापड आणि परका स्पर्श, असे सगळे एकाच वेळी अंगावर आल्याने अनेक स्वमग्न मुलांना सलूनमध्ये पाऊल टाकणेही असह्य होते. अनुभवी आई यावर पायऱ्या सांगते. रविवार टाळायचा, आठवड्याच्या मधल्या दुपारी जायचे. पहिल्या वेळी नुसते खुर्चीत बसून परत यायचे, दुसऱ्या वेळी कंगवा फिरवून घ्यायचा. मशीनऐवजी कात्री वापरायला सांगायचे. घरून जुनी, ओळखीची चादर न्यायची, आणि काय काय होणार त्याची चित्रे आदल्या दिवसापासून दाखवायची. यात नवे शास्त्र काही नाही. काम लहान टप्प्यांत तोडणे आणि चित्रांतून पूर्वसूचना देणे या विशेष शिक्षणातल्या मान्य पद्धती आहेत. मात्र त्या गल्लीतल्या सलूनला कशा लागू करायच्या, हे पालकाकडूनच कळते.

कुकरची शिट्टी, मिक्सर, शौचाची सवय, रात्री दोनला उठून खेळणारे मूल, फक्त वरणभात आणि एकाच कंपनीचे बिस्कीट खाणारे मूल, दार उघडे दिसताच रस्त्यावर धावणारे मूल: पालकांच्या बैठकांत विषय येतात ते असे. दाराला उंचावर कडी बसवणे, मुलाच्या खिशात किंवा गळ्यात फोन नंबर ठेवणे, वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मुलाची ओळख करून देणे, हे उपायही तिथलेच. महाराष्ट्रात भाद्रपद जवळ आला की ढोलताशाचा प्रश्न हमखास निघतो. आवाज अडवणारे हेडफोन महिनाभर आधीपासून घालायची सवय लावणे, मिरवणुकीच्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्कामाला जाणे, लग्नाला गर्दीच्या वेळी न जाता पंगत उठल्यावर पोचणे, अशा युक्त्या एका घरातून दुसऱ्या घरात जातात. कोणती युक्ती लागू पडेल हे मुलागणिक बदलते, म्हणून दहा पालकांचा गट एका सल्लागारापेक्षा इथे जास्त उपयोगी पडतो.

बहुभाषिक शहरांत भाषेचा प्रश्नही असतो. मूल बोलत नाही म्हणून घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, असा सल्ला मराठी पालकांना अजूनही मिळतो. दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलाचे भाषिक नुकसान होते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. उलट आजीला येत नाही आणि आईला अवघडून बोलावी लागते, अशा भाषेत घर अडकले की मुलाच्या कानावर पडणारे बोलणेच कमी होते. हा सल्ला कुणी मानला आणि कुणी धुडकावला, पुढे काय झाले, हे ऐकून अनेक पालक पुन्हा मराठीकडे वळतात.

या मदतीचे प्रकार अनेक आहेत. अमेरिकेत ओमाहा इथे १९७१ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात विकलांग मुलाच्या नव्या पालकाची गाठ त्याच अवस्थेच्या मुलाच्या अनुभवी पालकाशी घालून दिली जाई. ही एकास एक पद्धत पुढे अनेक राज्यांत पसरली. तिचे यश जोडी जुळवण्यात असते: मुलांचे वय, गरजा आणि घरची परिस्थिती जवळपास सारखी हवी, आणि अनुभवी पालकाला ऐकून घेण्याचे थोडे प्रशिक्षण हवे. दुसरा प्रकार गटाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २ ते ९ वर्षांच्या, विकासात मागे असलेल्या मुलांच्या पालकांसाठी तयार केलेल्या कार्यक्रमात नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटी आहेत. तो तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित व्यक्तीही चालवू शकतात. तशा व्यक्तींत पालकही असू शकतात. तज्ज्ञांशिवाय असे काम होते का, याची एक महत्त्वाची कसोटी गोव्यात लागली. गोव्यातील ‘संगत’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडीचे संशोधक यांनी ६५ मुलांवर केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आरोग्य कार्यकर्ते पालक आणि मुलाच्या खेळाचे चित्रण करत, ते पालकालाच दाखवत आणि मुलाच्या इशाऱ्यांना कुठे प्रतिसाद दिला, कुठे सुटला, हे त्याच्याच तोंडून काढून घेत. या पालकांचा मुलाशी मेळ अधिक चांगला बसू लागला आणि मुले आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली.

व्हॉट्सॲप गट हा आज सर्वांत सोपा प्रकार. मुलाच्या मेल्टडाऊननंतर, म्हणजे अनावर उद्रेकानंतर, रात्री अकरा वाजता लिहिलेल्या संदेशाला तिथे उत्तर मिळते. पण तिथे मुलांचे व्हिडिओही सर्रास फिरतात. रडणाऱ्या, कपडे फाडणाऱ्या मुलाचे चित्रण शेकडो अनोळखी फोनमध्ये जाते आणि मुलाची संमती कुणी विचारलेली नसते. चांगले गट असे चित्रण बंद ठेवतात आणि वर्तनाचे वर्णन शब्दांत करायला सांगतात.

कागदपत्रे हा परस्परसाहाय्याचा रुक्ष, पण फार मोलाचा भाग. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयात स्वमग्नता मोजणारी चाळीस प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते. तपासणीला मुलाची झोपेची वेळ टाळून कधी जावे, शाळेचे पत्र आणि आधीचे अहवाल कोणत्या क्रमाने लावावेत, ‘घरी सगळे नीट करतो’ असे लाजेखातर सांगितले की गुण कसे घसरतात, हे आधी रांगेत उभे राहिलेलेच सांगतात. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खालील ‘निरामय’ योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, ही माहितीही अनेक घरांत दुसऱ्या पालकाकडूनच पोचते.

पालकांतले सर्वांत जवळचे परस्परसाहाय्य नवरा-बायकोचे, आणि त्याकडेच कमी लक्ष जाते. निदान दोघांना एकाच वेगाने पचत नाही. आई बहुधा आधी मान्य करते आणि नोकरी सोडते. वडील काही काळ ‘होईल ठीक’ म्हणत राहतात किंवा थेरपीच्या खर्चासाठी जादा काम घेतात. बैठकांना बायाच येतात, म्हणून काही गट वडिलांची भेट रविवारी सकाळी वेगळी घेतात. तिथे बोलणे बरेचदा पैशापासून सुरू होऊन उशिरा मुलाकडे वळते. स्वमग्न मुलांच्या पालकांत ऐंशी टक्के घटस्फोट होतात, असा आकडा इंग्रजीत वर्षानुवर्षे फिरत राहिला. त्याला आधार नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आईवडील दोघांसह राहणाऱ्या स्वमग्न मुलांचे प्रमाण ६४ टक्के, तर इतर मुलांचे ६५ टक्के निघाले. तिथल्याच २०१० च्या दुसऱ्या अभ्यासात घटस्फोट सुमारे २४ विरुद्ध १४ टक्के दिसले आणि मूल मोठे झाल्यावरही हा धोका ओसरला नाही. ताण खरा आहे, आकडा फुगवलेला. एकाने मूल सांभाळायचे आणि दुसऱ्याने ठरलेल्या वेळी घराबाहेर पडायचे, ही साधी वाटणी जोडप्यांना उपयोगी पडते. एकमेकांची ओळख पटलेली दोन-तीन कुटुंबे आळीपाळीने मुले सांभाळतात, तेव्हा दोघांना एकत्रही थोडा मोकळा वेळ मिळतो आणि भावंडाच्या वाट्यालाही आईबाबा येतात.

पालकांच्या गटांतून चुकाही तितक्याच वेगाने पसरतात. गोवराच्या लशीमुळे स्वमग्नता होते, हा समज १९९८ च्या एका निबंधातून निघाला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला, तरी पालकांच्या वर्तुळांत समज टिकला. रिमलँड यांच्यासारखा जागरूक बापही उतारवयात लशींना दोष देणाऱ्यांच्या बाजूला गेला. भारतात स्टेम सेल उपचारांसाठी पालकांनी दागिने मोडल्याची उदाहरणे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही, असे स्पष्ट केले. जबाबदार गटांत उपचाराचा अनुभव सांगता येतो, डॉक्टरचा किंवा केंद्राचा प्रचार करता येत नाही, आणि गट चालवणाऱ्याला कुणाकडून कमिशन मिळत असेल तर ते उघड करावे लागते. तुलना हीही मोठी अडचण आहे. एकाचे मूल पाच वर्षांचे असताना वाक्ये बोलते, दुसऱ्याचे बारा वर्षांचे होऊनही बोलत नाही. दोघांना एकाच बैठकीत बसवले की एकाची बातमी दुसऱ्याला लागते. त्यामुळे वयानुसार छोटे गट करणे बरे पडते.

आणखी एक आक्षेप स्वमग्न प्रौढांकडून आला. अमेरिकेतील जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांना उद्देशून असे मांडले, की पालकांचे दुःख मनातल्या कल्पनेतल्या मुलासाठी असते आणि त्याचे ओझे समोरच्या मुलावर टाकू नये. पालकांच्या संघटना अनेक वर्षे स्वमग्न व्यक्तींना न विचारता त्यांच्या वतीने बोलत आल्या, ही टीका रास्त आहे. आता काही गट बोलू-लिहू शकणाऱ्या स्वमग्न प्रौढांना बैठकीस बोलावतात. मूल कान का झाकते, हात का हलवते, याचे उत्तर पहिल्यांदाच आतून मिळते.

गट उपचाराची जागा घेत नाही. आईला आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, खाण्यावरची वासना गेली असेल, मुलावर हात उगारला जात असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर प्रकरण गटाच्या हातचे राहत नाही. अशा वेळी सोबतच्या पालकाने तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे आणि तेवढा वेळ तिचे मूल सांभाळावे. तज्ज्ञ जवळ नसेल, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.