रोग्याचे दप्तर आणि दूरचा डॉक्टर

इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव हिंडून मिळविलेली दप्तरे धुळ्यात आहेत. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमविलेली रामदासी बाडे वाग्देवता मंदिरात आहेत. एक कागद गहाळ झाला म्हणजे त्याबरोबर काय गहाळ होते, हे धुळे-देवपूरच्या श्रोत्यांना निराळे सांगावयास नको. परंतु याच गावात माणसाच्या स्वतःच्या देहाचे दप्तर कोठे असते? बहुतेक घरांत ते खुंटीला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. तीत घड्या पडलेले केसपेपर, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या आणि एकमेकांना चिकटलेल्या एक्स-रेच्या फिल्मा असतात. पुराच्या पाण्यात, घर बदलण्यात किंवा दिवाळीच्या साफसफाईत ती पिशवी जाते आणि नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून विचारू लागतो. तपासणी पुन्हा, पैसे पुन्हा.

ही पिशवी संगणकात ठेवावी आणि माणूस जाईल तेथे ती त्याच्यामागे जावी, असा उद्योग केंद्र सरकारने आरंभिला आहे. त्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली. प्रथम सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने तो सर्व देशाला लागू झाला. त्यात प्रत्येकाला चौदा आकडी क्रमांक मिळतो. त्याला ‘आभा’ म्हणतात. २०२५ च्या आरंभी असे क्रमांक सत्तर कोटींच्या वर गेले होते. हा आकडा ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. बँकेत खाते उघडले म्हणजे खात्यात पैसे आले असे होत नाही. क्रमांक निघाला, पण त्याला एकही कागद जोडलेला नाही, अशी माणसे आमच्या ओळखीत पुष्कळ आहेत.

येथे एक शंका नेहमी निघते. आपले सगळे रोग दिल्लीतल्या एका कोठारात जाऊन पडणार काय? योजनेची मांडणी तशी नाही. ज्या दवाखान्यात तुमची तपासणी झाली, तेथेच ती नोंद राहते. आभा क्रमांक एवढेच सांगतो की या माणसाचे कागद अमुक अमुक ठिकाणी आहेत. आमच्या खानदेशातल्या व्यापाऱ्यांना हुंडी ठाऊक होती. हुंडी म्हणजे पैसे नव्हेत. अमुक पेढीवर दाखविली असता पैसे मिळतील अशी ती चिठ्ठी. आभाचे तसेच आहे. चिठ्ठी वटवावयाची तर तुमची सही लागते, आणि त्या सहीला येथे ‘संमती’ हे नाव आहे. नवा डॉक्टर तुमचे जुने कागद मागतो, तेव्हा तुमच्या मोबाइलवर विचारणा येते. कोण मागतो, कशासाठी मागतो, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतचे हवेत आणि ते किती दिवस पाहणार, हे सारे तीत लिहिलेले असते. तुम्ही होकार द्या, नकार द्या, अथवा दिलेला होकार मागे घ्या. मध्ये जो ही देवघेव जुळवून देतो, तो बाजार समितीतल्या अडत्यासारखा समजावा. माल त्याचा नव्हे. आणि अडत्याला निदान पोते उघडून पाहता येते, याला तेही करता येऊ नये अशी रचना केलेली आहे.

आता कामगाराला यातून काय मिळेल, ते पाहू. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्याच्या छातीला एक रोग जडतो. वैद्यक त्याला बिसिनोसिस म्हणते. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जरा मोकळी होते; म्हणून आरंभी माणूस तिकडे लक्ष देत नाही. पुढे आठवडाभर दम लागतो आणि मग तो कायमचा घर करतो. आरंभीच धुळीतून बाजूला काढले तर माणूस वाचतो. उशीर झाला तर औषधाने फारसे साधत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत हा रोग होता आणि त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. म्हणजे कायद्यात हक्क आहे. पण हक्क सिद्ध करावयाचा कशाने? पंधरा वर्षांपूर्वी छाती कशी होती, दहा वर्षांपूर्वी कशी होती, हे दाखवावे लागते. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम दाखल झालेल्या रोग्याचे कागद तीन वर्षे जपण्यास सांगतात. रोग पिकायला दहा-वीस वर्षे आणि कागदाचे आयुष्य तीन! आमच्या संघटनेकडे आलेला एक जिनिंग कामगार याच कारणाने रिकाम्या हाताने परत गेला. त्याचा दम खरा होता, दमाचा पुरावा नव्हता.

सातपुड्याच्या पायथ्याकडे पाहिले तर गरज याहूनही मोठी दिसते. शिरपूर-साक्रीपासून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंतच्या भिल्ल-पावरा वस्तीत सिकलसेल हा रक्ताचा रोग आहे. तो आईबापांकडून येतो. तो असलेल्या माणसाला ताप, थंडी, तहान, अतिश्रम यांनी जीवघेण्या कळा येतात. आणि हीच माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत आणि दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत जातात. तेथे एखादा तोड्या हातपाय धरून कळवळू लागला, तर तिकडच्या डॉक्टरला हा सिकलसेलचा रोगी आहे हे कोण सांगणार? राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, तपासण्या झाल्या, कार्डे वाटली गेली. पण कार्ड घरी राहते आणि माणूस बैलगाडीबरोबर जातो. क्षयाचेही असेच. औषध सहा महिने अखंड घ्यावयाचे आणि माणूस त्यातले निम्मे दिवस परमुलखात. क्षयरोग्यांची नोंद ‘निक्षय’ या संगणक-पद्धतीत २०१२ पासून होत आहे, त्यामुळे दुसऱ्या जिल्ह्यात गोळ्या चालू राहण्याची निदान वाट तरी झाली. नोंदीने माणसाचा पाठलाग करावा तो असा.

दुसरी गोष्ट दूरच्या डॉक्टरची. ही कल्पना आपल्या देशात करोनाने आणली असे पुष्कळांना वाटते, ते खरे नव्हे. उपग्रहाच्या साहाय्याने दूरची रुग्णालये जोडण्याचे प्रयोग भारतीय अवकाश संशोधन संस्थेने या शतकाच्या आरंभीच केले होते. परंतु नियम नव्हते. डॉक्टरने फोनवर औषध सांगितले तर ते कायदेशीर की बेकायदेशीर, हे कोणी ठामपणे सांगत नसे. २५ मार्च २०२०, म्हणजे टाळेबंदीचा पहिला दिवस, त्या दिवशी ते नियम प्रसिद्ध झाले. डॉक्टरने आपले नाव व नोंदणी सांगावी, रोग्याची ओळख करून घ्यावी, काय सांगितले ते लिहून ठेवावे, नशेच्या वर्गातील औषधे अशी देऊ नयेत, आणि जीव धोक्यात असेल तर प्रथमोपचार सांगून रोग्याला ताबडतोब प्रत्यक्ष उपचाराकडे धाडावे, असा त्यांचा आशय. रोग्याने स्वतः फोन केला असेल तर त्याची संमती धरून चालावी. दुसऱ्याने लावून दिला असेल तर मात्र ती स्पष्ट विचारावी.

सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा दोन तऱ्हांची आहे. एका तऱ्हेत रोगी घरून मोबाइलवर डॉक्टरशी बोलतो. ती १३ एप्रिल २०२० पासून चालू झाली. दुसरी त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये निघाली. तीत रोगी गावातल्या उपकेंद्रात जातो, तेथला समुदाय आरोग्य अधिकारी त्याचा रक्तदाब घेतो, साखर पाहतो आणि पडद्यावर मोठ्या ठिकाणचा डॉक्टर जोडून देतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत दोन्ही मिळून दहा कोटी सल्ले दिले गेले होते. आमच्या मते यातली दुसरी तऱ्हाच गरिबाच्या कामाची. पडद्याला हात नसतो. पोट दाबून कोठे दुखते ते पडद्याला कळत नाही. शिवाय भाषेचे काय? आमची म्हातारी ‘छातीमा कळ मारस’ म्हणते, ‘जीव घाबरा व्हस’ म्हणते. पलीकडे मुंबईचा तरुण डॉक्टर असेल, तर त्याला अहिराणीचे किती कळणार? मध्ये उपकेंद्रातले कोणी बसलेले असले तर ते बोलणे पोहोचते, हातही लागतो. मधुमेहाची गोळी पुढे चालू ठेवावी की बदलावी, एवढ्यासाठी साक्रीच्या टोकावरून धुळ्याला यावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि दोघांचे भाडे. एवढे जरी वाचले तरी ही सेवा पावली. पण ती डॉक्टरच्या जोडीला असावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातली डॉक्टरची जागा रिकामी ठेवून भिंतीवर पडदा लावला जात असेल, तर गावाने तो पडदा स्वीकारू नये.

आता धोक्याचे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि देशातले सर्वांत नावाजलेले रुग्णालय जवळजवळ दोन आठवडे हाताने केसपेपर लिहीत बसले. हल्लेखोरच लागतो असेही नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आपल्या राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली संगणक-पद्धत कंत्राटाच्या वादात बंद पडली आणि रांगा पुन्हा कागदावर आल्या. परदेशातही हेच अनुभव आहेत. ब्रिटनने २००२ मध्ये अशीच राष्ट्रव्यापी योजना काढली. अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये ती मोडीत काढावी लागली. उलट एस्टोनियासारख्या चिमुकल्या देशाने २००८ पासून ती चालवून दाखविली. तेथे आपला कागद कोणी उघडून पाहिला हे रोग्याला स्वतः पाहता येते. आम्हांला यातली ही एक सोय इतर सर्व सोयींपेक्षा महत्त्वाची वाटते.

कारण आमची खरी भीती चोराची नाही, मालकाची आहे. कागदावर संमती मोकळी असते. कारखान्याच्या फाटकाशी ती मोकळी राहत नाही. नोकरीच्या अर्जाबरोबर ‘जरा आभा दाखव’ असे कोणी म्हटले, तर उपाशी माणूस नाही म्हणेल काय? मग जी नोंद नुकसानभरपाईचा पुरावा व्हावयाची, तीच ‘याची छाती बिघडलेली आहे, याला घेऊ नका’ असे सांगू लागेल. ऊसतोडीच्या टोळीत तर मोबाइलच मुकादमाचा असतो. सांकेतिक आकडा त्याच्या फोनवर येतो आणि होकारही तोच देतो. बाईचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो. तिच्या गर्भपाताची नोंद कोणाच्या हाती पडेल, हे निराळे सांगावयास नको.

कायदा अगदीच मुका नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क होय, असे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. एचआयव्हीविषयी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि नोकरीसाठी ती तपासणी सक्तीने करण्यास तो मनाई करतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघून अंमल टप्प्याटप्प्याने ठरला. आभा ऐच्छिक आहे आणि तो नाही म्हणून कोणाला उपचार नाकारता येत नाही, असे योजनेचे स्वतःचे धोरण म्हणते. मात्र एचआयव्हीला जे संरक्षण मिळाले, ते बिसिनोसिसला, सिकलसेलला, वेडाच्या औषधांना कोठे आहे? मालकाने कामगाराची आरोग्य-नोंद मागणे हाच गुन्हा ठरावा, अशी मागणी कामगार संघटनांनी करावयास हवी. ‘कामगाराने संमती दिली होती’ हा बचाव तेथे चालू देऊ नये.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती कोणत्याही सरकारी पत्रकात सापडत नाही. ही सारी नोंद भरते कोण? आशाताई भरतात. त्यांना पगार नाही, मानधन व मोबदला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला, तेव्हा मानधनाबरोबर ऑनलाइन कामाच्या सक्तीचाही प्रश्न त्यांनी मांडला होता. रात्री घरी स्वयंपाक आटोपून, जेथे मोबाइलला दांडी मिळते अशा टेकाडावर जाऊन माहिती भरणारी बाई थकून एक आकडा चुकली, तर ती चूक रोग्याच्या मागे जन्मभर लागते. या कामाला वेळ, यंत्र आणि दाम द्यावयाचे नसतील, तर नोंद खरी निघेल अशी अपेक्षा कोणी धरू नये.

तूर्त देवपूरच्या माणसाने काय करावे, असे आम्हांला विचारतात. सरकारी रुग्णालयात केसपेपरची रांग चुकविण्यासाठी खिडकीजवळचे चौकटीचे चिन्ह मोबाइलने टिपतात, तेव्हा पुढे कशाला होकार देत आहोत ते वाचून घ्यावे. वाचता येत नसेल तर शेजाऱ्याच्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे. अंगठा घाईने दाबू नये. खाजगी दवाखान्यातून सुटी मिळताना कागदांची प्रत मागावी. २००२ च्या त्याच नियमांप्रमाणे ती मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागते. आणि खुंटीवरची पिशवी अजून फेकू नये.